धुऊन टाकलेला थर : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आरंभ आणि जिवाणूंच्या शोधाचा इतिहास

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा आरंभ कसा होतो, या प्रश्नाचा शोध विसाव्या शतकात दोन निराळ्या शास्त्रशाखांनी घेतला आणि बराच काळ या दोघींचा एकमेकींशी फारसा संबंध आला नाही. पहिली शाखा विकृतिशास्त्राची, म्हणजे शरीरातून काढलेली रोगट उती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाची जात आणि अवस्था ठरवणाऱ्यांची. तिने आतड्याची भिंत पाहिली. दुसरी शाखा जिवाणुशास्त्राची. तिने आतड्यातील मल पाहिला. भिंत आणि मल यांच्या मधोमध श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत चिकट स्रावाचा, जो पातळ थर असतो, तो मात्र दोघींच्याही हातून निसटला. विकृतिशास्त्रज्ञ आतडे तपासायला घेण्यापूर्वी ते स्वच्छ धूत असत आणि जिवाणुशास्त्रज्ञांच्या डबीत मलाबरोबर त्या थराचे विस्कळीत अंश तेवढे येत. कर्करोगाच्या सुरुवातीला जिवाणूंचा हात असेल, तर तो या थरातच दिसण्याची सर्वाधिक शक्यता होती, हे ध्यानात यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या इतिहासाचा बराचसा भाग लंडनमधील एका लहान रुग्णालयाशी निगडित आहे. फ्रेडरिक सॅमन या शल्यचिकित्सकाने १८३५ मध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर अवघ्या सात खाटांचा एक दवाखाना उघडला. भगंदर आणि गुदाशयाचे अन्य विकार जडलेल्या गरिबांसाठी असलेला हा दवाखाना पुढे सिटी रोडवर स्वतःच्या इमारतीत गेला आणि सेंट मार्क्स रुग्णालय या नावाने प्रसिद्धीस आला. ज्या दुखण्यांविषयी उघड बोलण्याचीही लाज वाटे, त्यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय काढणे हे त्या काळी धाडसाचेच काम होते. एकाच अवयवाचे रुग्ण दशकानुदशके एकाच ठिकाणी येत राहिल्यामुळे तेथे नमुन्यांचा आणि नोंदींचा जो साठा जमला, तसा सर्वसाधारण रुग्णालयात जमणे अशक्य होते.

१९२२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा उभा चिरून उघडायचा, धुवायचा, फळीवर ताणून टाचण्यांनी बसवायचा, फॉर्मलिनमध्ये मुरवायचा आणि मग जागोजाग काप घेऊन तपासायचा, या पद्धतीच्या कामात त्यांना एक गोष्ट वारंवार दिसू लागली. मुख्य गाठीच्या आसपास पुष्कळदा लहान लहान पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरातून आत उगवलेले मांसल कोंब, आढळत. त्यांतील काही अगदी निरुपद्रवी दिसत, काहींच्या पेशींची रचना बिघडलेली असे आणि क्वचित एखाद्या कोंबाच्या टोकाशीच कर्करोग सुरू झालेला असे. १९२६ मध्ये त्यांनी साध्या अर्बुदांचा आणि कर्करोगाचा संबंध मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. हा रोग एका रात्रीत उद्भवत नाही, निरोगी अस्तर, लहान पॉलिप, मोठा पॉलिप आणि कर्करोग अशा पायऱ्यांनी तो वर्षानुवर्षे पुढे सरकतो, या आजच्या समजुतीचे मूळ त्या फळीवर ताणलेल्या नमुन्यांत आहे. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे अवस्थांचे वर्गीकरण १९३२ मधले असून, रोग भिंतीपुरता आहे, भिंतीपलीकडे गेला आहे की लसिका ग्रंथींत पोहोचला आहे, एवढ्या साध्या निकषांवर ते आधारलेले होते.

याच रुग्णालयातील शल्यचिकित्सक जॉन पर्सी लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ मध्ये तीन कुटुंबांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांत आतड्यातील असंख्य पॉलिप आणि त्यातून तरुणपणीच होणारा कर्करोग पिढ्यानपिढ्या चालत आलेला होता. या आनुवंशिक विकाराला आज फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस म्हणतात; त्यात अस्तरावर शेकडो ते हजारो पॉलिप येतात आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. अशा कुटुंबांची नोंदवही सेंट मार्क्समध्ये ठेवली जाऊ लागली आणि किशोरवयात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून दाखल झालेले एच. जे. आर. बसी यांनी ती पुढे अनेक दशके सांभाळली. पदवी नसलेल्या एका मुलाने वंशवृक्ष जुळवत, पत्रे पाठवत, मृत्यूंच्या नोंदी धुंडाळत उभे केलेले हे काम या रोगाच्या इतिहासातील अतिशय मोलाचे आहे, कारण रोगाचा आरंभ प्रत्यक्ष पाहायचा तर ज्यांना रोग होणार हे आधीच ठाऊक आहे अशी माणसे लागतात, आणि ती या नोंदवहीत होती.

ड्यूक्स यांना जिवाणूंची ओळख नव्हती असे नाही. अन्नातील जिवाणूंवर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. तरीही पॉलिपचे कारण शोधताना त्यांच्या पिढीने जिवाणूंकडे पाठ फिरवली, यामागे आधीच्या पिढीच्या अतिरेकाचा मोठा वाटा असावा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी १९०७ च्या सुमारास असे मांडले होते की, मोठे आतडे हा माणसाला नकोसा झालेला अवयव असून तेथील कुजवणाऱ्या जिवाणूंची विषे शरीरात भिनून अकाली वार्धक्य येते. दही खाऊन त्या जिवाणूंना आवर घालावा हा त्यांचा सल्ला जगभर गाजला. लंडनच्या गायज रुग्णालयातील विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर याच तत्त्वावर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडे कापून काढण्याचा सपाटा लावला आणि कर्करोगासह नाना व्याधींचे खापर तुंबलेल्या आतड्यावर फोडले. पहिल्या महायुद्धानंतर या ‘स्वयंविषबाधे’च्या सिद्धांतावरचा विश्वास उडाला, आणि तो उडताना आतड्यातील जिवाणू व कर्करोग यांचा काही संबंध असू शकतो ही कल्पनाही त्याच्याबरोबर बदनाम झाली. चुकीच्या उपचारांनी रुग्णांचे जे हाल झाले ते झालेच. शिवाय एक योग्य प्रश्न पुढची चाळीस वर्षे विचारलाच गेला नाही, ही हानीही लहान नव्हती.

तो प्रश्न पुन्हा उभा राहिला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर चामोरो लोक सायकॅड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बियांचे पीठ खात असत; बिया विषारी असल्याने त्या कापून कित्येक दिवस पाणी बदलत भिजवायच्या, वाळवायच्या आणि मग दळायच्या, ही त्यांची जुनी रीत होती. बेटावर एक विचित्र मज्जाविकार फार आढळतो म्हणून या पिठाची तपासणी सुरू झाली, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील गर्ट लाक्वर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले की न धुतलेले पीठ खाल्लेल्या उंदरांना कर्करोग होतो. बियांतील सायकॅसिन हे द्रव्य म्हणजे साखरेच्या रेणूला बांधलेले एक विष असते. १९६७ पर्यंतच्या प्रयोगांनी पुढची गोष्ट उघड केली : जन्मापासून पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना सायकॅसिन चारले, तर ते जवळजवळ जसेच्या तसे शरीराबाहेर पडते आणि काहीही अपाय होत नाही, साध्या उंदरांच्या आतड्यातील जिवाणू मात्र साखरेचा बंध तोडतात, आतले विष मोकळे करतात आणि त्या उंदरांना गाठी होतात. तेच मोकळे विष थेट दिले, तर जंतुविरहित उंदीरही रोगाला बळी पडतात. जिवाणूंवाचून कर्करोग होत नाही, असे एका तरी द्रव्याच्या बाबतीत निःसंदिग्धपणे सिद्ध झाले होते. सायकॅसिनच्याच रासायनिक कुळातील ॲझॉक्सिमीथेन हे द्रव्य आजही उंदरांत मोठ्या आतड्याचा कर्करोग निर्माण करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

जवळजवळ त्याच सुमारास लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात व्हिव्हियन एरीज, मायकेल हिल, बी. एस. ड्रॅसर आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या मलाकडे मोर्चा वळवला. १९६९ आणि १९७१ मधील त्यांच्या निबंधांचा आधार एक सरळ तर्क होता. यकृत पित्ताम्ले, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करणारी आम्ले, तयार करते. ती आतड्यात उतरली की जिवाणू त्यांचे रूपांतर डीऑक्सिकोलिक आम्लासारख्या दुय्यम पित्ताम्लांत करतात, आणि हे आम्ल टोचल्याने उंदरांना गाठी येतात हे १९४० मध्येच नोंदले गेले होते. तेव्हा ज्या देशांत हा कर्करोग फार, तेथील लोकांच्या मलात अशी द्रव्ये आणि ती घडवणारे जिवाणू अधिक असावेत. त्यांनी एकीकडे इंग्लंड, स्कॉटलंड व अमेरिका आणि दुसरीकडे युगांडा, जपान व दक्षिण भारत अशा ठिकाणांहून नमुने गोळा केले, आणि ढोबळ मानाने तसाच फरक त्यांना दिसला. युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट याच काळात आहारातील चोथ्याचे महत्त्व मांडत होते, त्यामुळे आहार, जिवाणू आणि कर्करोग अशी साखळी अनेकांना पटू लागली.

या साखळीत भारताचे स्थान महत्त्वाचे होते, कारण येथे हा रोग पाश्चात्य देशांच्या तुलनेने पुष्कळच कमी आढळे, आणि तसे खात्रीने म्हणता येऊ लागले ते १९६३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या कर्करोग नोंदणी केंद्रामुळे. शहरातील रुग्णालयांतून एकेका रुग्णाची नोंद जमा करण्याच्या या चिकाटीच्या कामाला प्रसिद्धी थोडी मिळाली, परंतु आतड्याच्या कर्करोगाच्या जागतिक नकाशावर मुंबईचा ठिपका याच कामाने उमटला. रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनीही १९६० आणि १९७० च्या दशकांत भारताच्या निरनिराळ्या भागांतील पचनसंस्थेच्या कर्करोगांची तुलना केली आणि आंबवलेले दूध व चोथा यांचा संबंध तपासला. मेचनिकॉफ यांच्या दह्याची ही अधिक संयमित आवृत्ती होती.

दोन शाखांची पहिली खरी भेट १९७८ मध्ये झाली. सेंट मेरीजमधून जिवाणूंचा अभ्यास सुरू केलेले हिल आणि सेंट मार्क्सचे बेसिल मॉर्सन व बसी यांनी मिळून एक निबंध लिहिला आणि पॉलिपपासून कर्करोगापर्यंतच्या प्रत्येक पायरीला वेगवेगळे घटक कारणीभूत असावेत, असे सुचवले : पॉलिप उगवण्याची आनुवंशिक प्रवृत्ती, तो उगवायला लावणारा एक बाह्य घटक, तो मोठा करणारा दुसरा आणि त्याचे रूप बिघडवणारा तिसरा. आज वाचतानाही या मांडणीची दूरदृष्टी जाणवते. पण पुरावा तिला साथ देऊ शकला नाही. व्यक्ती-व्यक्तींची तुलना केल्यावर पित्ताम्लांतील फरक देशा-देशांतील फरकाइतका ठळक राहिला नाही. टोरांटोत माणसाच्या मलात सापडलेल्या आणि जिवाणूंनी घडवलेल्या फेकापेंटाइन या उत्परिवर्तक, म्हणजे जनुकांत बदल घडवणाऱ्या, द्रव्यांनी मोठी आशा निर्माण केली, परंतु रुग्णांत त्यांचे प्रमाण अधिक असल्याचे काही दिसले नाही. हृदयाच्या झडपांना स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस या जिवाणूचा संसर्ग झालेल्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग वारंवार सापडतो, याकडे १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी लक्ष वेधले. मात्र जिवाणूमुळे गाठ झाली, की गाठीच्या फटीतून जिवाणू रक्तात शिरला, हे कोणी सांगू शकत नव्हते.

त्यानंतरचा काळ जनुकांचा. १९९० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एरिक फिअरन आणि बर्ट फोगेलस्टाइन यांनी ड्यूक्स यांच्या पायऱ्यांना एकेका जनुकातील बिघाडाची जोड दिली आणि १९९१ मध्ये पॉलिपोसिसला कारण असणारे एपीसी जनुक सापडले. आनुवंशिक विकार नसलेल्या बहुसंख्य रुग्णांतही पहिला बिघाड याच जनुकात होतो. तो बिघाड कशाने होतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

उत्तराकडे जाणारा रस्ता तंत्रातील एका छोट्या बदलातून निघाला. पाण्यात कालवलेल्या फॉर्मलिनने श्लेष्म्याचा थर आकसतो आणि निघून जातो. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्ल यांच्या पाणीरहित मिश्रणात, ज्याला कार्नॉयचे द्रावण म्हणतात, उती मुरवली, तर तो जागेवर राहतो. या द्रावणाच्या साहाय्याने स्वीडनमधील गोटेबर्गच्या मालिन योहान्सन आणि गुन्नार हान्सन यांच्या गटाने २००८ मध्ये उंदराच्या मोठ्या आतड्यात दाखवले की श्लेष्म्याचे थर दोन असतात : बाहेरचा सैल थर जिवाणूंनी गजबजलेला, आणि पेशींना लगटून असलेला आतला दाट थर जवळजवळ जिवाणुमुक्त. आतड्यातील कोट्यवधी जिवाणूंबरोबर शरीर सुखाने नांदते ते या आतल्या थराच्या जोरावर. तो भेदला गेला तर काय होते, हा प्रश्न आता नेमकेपणाने विचारता येऊ लागला.

जॉन्स हॉपकिन्समधीलच सिंथिया सिअर्स यांच्या गटाने शस्त्रक्रियेतून आलेली आतडी धुण्यापूर्वीच कार्नॉयच्या द्रावणात टाकली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, उजव्या बाजूच्या गाठींपैकी ८९ टक्के गाठींवर जिवाणूंचे जैवपटल, म्हणजे एकमेकांना चिकटून थर करून राहणाऱ्या जिवाणूंची दाट वस्ती, श्लेष्मा भेदून थेट पेशींना भिडलेली आढळली. डाव्या बाजूला हे प्रमाण १२ टक्के होते. २०१८ मध्ये याच गटाने, शंभर वर्षांपूर्वी सेंट मार्क्समध्ये ज्याची नोंदवही उघडली गेली, त्या पॉलिपोसिसच्या रुग्णांकडे लक्ष वळवले. त्यांच्या आतड्यांत जैवपटलांचे ठिगळासारखे पट्टे होते आणि त्यांत मुख्यतः दोन जिवाणू होते : एश्चेरिचिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय, आणि बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचा विषारी वाण. उंदरांत या दोघांची एकत्र वस्ती केल्यावर गाठी झपाट्याने वाढल्या, कारण बॅक्टेरॉइड्स श्लेष्मा खाऊन वाट मोकळी करतो आणि त्या वाटेने ई. कोलाय पेशींपर्यंत पोहोचतो. निरनिराळ्या घटकांनी निरनिराळ्या पायऱ्या चढवण्याची १९७८ मधली कल्पना येथे दोन जिवाणूंच्या रूपाने दिसली.

यांतील ई. कोलाय सरसकट कोणताही नव्हे. २००६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथील संशोधकांनी काही वाणांत जनुकांचा एक खास संच शोधून काढला, ज्यातून कोलिबॅक्टिन हे अत्यंत अस्थिर द्रव्य तयार होते आणि ते मानवी पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडते. २०१२ मध्ये हा संच काढून टाकलेल्या जिवाणूंमुळे उंदरांत कमी गाठी झाल्याचे दिसले. विशेष म्हणजे, पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निस्ले या जर्मन वैद्यकाने, हगवणीच्या साथीतून सुखरूप राहिलेल्या एका सैनिकाच्या मलातून १९१७ मध्ये वेगळा केलेला आणि तेव्हापासून औषध म्हणून दिला जाणारा वाणही हाच संच बाळगतो. आतड्यातील जिवाणूंची मित्र आणि शत्रू अशी सरळ वाटणी करू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करू नये.

तिसरा जिवाणू फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा मूळचा तोंडातला, दातांवरील किटणात राहणारा. २०१२ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील दोन गटांनी तो स्वतंत्रपणे आतड्याच्या गाठींत दाखवला आणि २०१७ मध्ये यकृतात पसरलेल्या गाठींतही तो सोबत गेल्याचे आढळले. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी भारतीय रुग्णांच्या जिभेच्या कर्करोगातही त्याचा माग काढला आहे. मात्र उपलब्ध पुराव्यावरून तो रोगाच्या आरंभापेक्षा वाढीशी अधिक जोडलेला दिसतो. आरंभाच्या बाबतीत कोलिबॅक्टिनची साक्ष जास्त थेट आहे.

ती साक्ष डीएनएतच कोरलेली असते. २०२० मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या सूक्ष्म गोळ्यांत कोलिबॅक्टिन बनवणारे जिवाणू पाच महिने वारंवार सोडण्यात आले, आणि त्या पेशींत उत्परिवर्तनांचा एक ठरावीक नमुना उमटला. तोच नमुना प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठींतही सापडला. त्याआधी, २०१९ मध्ये, केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतील संशोधकांनी ४२ व्यक्तींच्या आतड्यांतील निरोगी अस्तराचे सूक्ष्म कण तपासताना हाच नमुना नोंदला होता, त्याचे कारण तेव्हा ठाऊक नसतानाही. आणि उत्परिवर्तनांचा क्रम लावल्यावर त्यांना दिसले होते की त्याचा ठसा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटलेला आहे. २०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ गाठींच्या अभ्यासातून असे पुढे आले की वयाच्या चाळिशीपूर्वी कर्करोग झालेल्यांत हा ठसा, सत्तरीनंतर रोग झालेल्यांच्या मानाने, सुमारे ३.३ पट अधिक आढळतो. तरुणांतील या रोगाचे प्रमाण अनेक देशांत वाढत असताना या निष्कर्षाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

या निष्कर्षाच्या उजेडात १९७१ च्या लंडनमधील निबंधाकडे पाहिले, तर त्याच्या अपयशाचे आणखी एक कारण हाती लागते. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांचे नमुने घेतले, आणि पुढे रुग्णांच्या मलाचा निरोग्यांच्या मलाशी जो पडताळा केला गेला तोही निदानाच्या वेळचा. परंतु ज्या जिवाणूने चौथ्या-पाचव्या वर्षी एपीसी जनुकाला धक्का लावला असेल, तो निदान होईपर्यंत आतड्यातून कधीच नाहीसा झालेला असू शकतो. पायऱ्यांचा हिशेब ड्यूक्स यांनी पॉलिपपासून सुरू केला होता. आता त्याच्याही आधीची, डोळ्यांना संपूर्ण निरोगी दिसणाऱ्या अस्तरातील पायरी शोधावी लागत आहे, आणि तिच्यासाठी लागणारे नमुने लहान मुलांचे आहेत, जे कोणत्याही कर्करोग नोंदणी केंद्राने आजवर जमवलेले नाहीत, कारण तेथे नोंद सुरू होते ती गाठ सापडल्यानंतर.